नळावरची शून्य गर्दी

डॉक्टर एवारिस्तो उमान्या यांची राष्ट्राध्यक्षांनी राजधानीच्या महापौरपदी नेमणूक केली, तेव्हा ते परदेशात टंचाईच्या अर्थशास्त्रावर व्याख्यान देत होते. एकवीस वर्षांत ते या शहरात राहिले नव्हते. सबब त्यांचं शहराविषयीचं मत निःपक्षपाती असल्याचं नेमणुकीच्या आदेशात नमूद होतं.

आमची ला एस्पिना वस्ती टेकडीवर. नळ पायथ्याशी. भरलेली बादली घेऊन चढायला चाळीस मिनिटं लागतात. आजवर एकही महापौर वर आला नव्हता, हे आले. वस्तीतल्या ओतिलियाबाईंनी त्यांना गुळाचं गरम पाणी दिलं आणि विचारलं, "डॉक्टर, नळ वर कधी येणार?"

त्यांनी वही काढली. "बाई, तुम्ही कामाला कुठे जाता?"

"काम कुठलं? दिवस पाणी भरण्यातच जातो."

"म्हणजे तुमच्या वेळेला बाजारात किंमत नाही," ते हळहळून म्हणाले. "नळाने तुमचा वेळ वाचेल, पण वाचेल ते शून्यच."

"मग काम द्या, म्हणजे किंमत येईल."

डॉक्टरांना हा मुद्दा शास्त्रशुद्ध वाटला. आठवड्याभरात वस्तीतल्या साठ बायका, त्यांत मीही, महापालिकेत प्रगणक म्हणून लागल्या. काम एकच: सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, म्हणजे नळाला पाणी असेपर्यंत, नळापाशी बसून पाणी नेणाऱ्यांची नोंद करायची.

पाणी नेणाऱ्या त्याच होत्या. त्या बसल्या, तेव्हा न्यायला कोणी उरलं नाही.

"साहेब, रकाना रिकामाच जातोय," ओतिलियाबाईंनी पर्यवेक्षकाला सांगितलं.

"रिकामा नको. शून्य लिहा."

तीन महिने शून्य लिहिलं. घरी आम्ही पोरांना नाल्याचं पाणी उकळून पाजलं. लाकडं संपली, तेव्हा न उकळता. ओतिलियाबाईंचा नातू अकरा दिवस दवाखान्यात होता. रजा मागितली तर प्रगणनेत खंड पडेल म्हणून नामंजूर झाली.

अहवाल आला. ला एस्पिनात पाणी वाहून नेण्याची प्रथा संपुष्टात आली असून वस्तीत पूर्ण रोजगार आहे. सबब नळाची गरज उरलेली नाही, आणि प्रगणकांचीही. बायका पुन्हा बादल्या घेऊन चढू लागल्या. राष्ट्राध्यक्षांनी डॉक्टरांना नियोजनमंत्री केलं.

पुढे कायदा बदलला. महापौर लोकांनी निवडायचा ठरलं. डॉक्टर उभे राहिले.

वस्तीच्या बैठकीत मीच विचारलं, "ओतिलियाबाई, नातू विसरलात?"

"विसरले नाही. पण बाकीच्या उमेदवारांना आपली वस्ती कुठे आहे तेसुद्धा माहीत नाही. हा निदान चढून आला. आणि याच्याच वेळी मला तीन महिने पगार मिळाला."

डॉक्टर निवडून आले, आणि त्यांना सर्वाधिक मतं आमच्या टेकडीने दिली. त्यातलं एक माझं.

पूर्वी पाणी वाहताना आम्ही राष्ट्राध्यक्षांना शिव्या द्यायचो, त्यात चढ कधी सरला ते कळायचं नाही. हल्ली गप्पच चढतो.