खुणा ठेवणारे हिरालालकाका

आमचे शेजारी हिरालालकाका मयतीला गेले तरी सांत्वनाच्या शेवटी खुणा सांगतात. "माणूस देव व्हता," म्हणून डोळे पुसतात आणि लगेच, "खुणा: दमा, मेहुणा, विहीर." घरातली मंडळी रडायची थांबून एकमेकांकडे बघत बसतात.

ही सवय त्यांना दुकानातून लागली. तळोद्याच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान आहे. तिथे प्रत्येक गठ्ठ्यावर चिठ्ठी असते, पण तिच्यावर ना किंमत, ना कंपनी. गिऱ्हाईक तो कपडा कोणत्या शब्दांत मागेल, ते शब्द असतात. 'पोपटी, हळद, सासूला चालेल.' एखादी बाई नुसतं "मागे जावेने नेली तशी" म्हणाली, की काका 'जाऊ' आणि 'हेवा' या खुणांवरून नेमकी साडी काढून देतात.

"वस्तू हराई जात नही, मास्तर," ते मला नेहमी ऐकवतात. "खूण हराई जास."

मोबाइल आल्यावर तर त्यांना रानच मोकळं मिळालं. शब्द टाकला की जुना मेसेज वर येतो, हे कळल्यापासून प्रत्येक मेसेजखाली खुणा. एकदा विहीणबाईंनी लाडू पाठवले. काकांनी कळवलं, 'लाडू फार आवडले. खुणा: विहीण, लाडू, डालडा.' विहीणबाई पुढे दिवाळीपर्यंत बोलल्या नाहीत. काकांना मात्र आपलं काय चुकलं ते शेवटपर्यंत उमगलं नाही. "डालडाच व्हता ना," म्हणाले.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन पार थकला. मुलाने सुरतेहून नवा पाठवला. मी शाळेत शिकवतो म्हणजे मला फोनमधलं सगळं कळतं, असा आमच्या गल्लीचा समज आहे. त्यामुळे जुन्यातलं नव्यात आणायचं काम माझ्याकडे आलं. एरवी घडीघडी सूचना करणारे काका त्या दिवशी नुसते शेजारी बसून होते. मधून मधून एवढंच विचारत होते, "कमलनं समदं उनं ना?"

कमलकाकू गेल्या वर्षी गेल्या. त्यांना टाइप करायचा कंटाळा, म्हणून त्या बोलूनच मेसेज पाठवायच्या. ते सगळे आवाज नव्या फोनमध्ये नीट आले होते. पण खाली एकही खूण नव्हती. मला नवल वाटलं. काकांना हिंमत झाली नसेल, असं समजून मी म्हणालो, "काका, एकेक ऐकून खाली खुणा टाकू या का? मग हवा तो लगेच सापडेल."

"नको."

मग आपणहूनच सांगायला लागले. "एकदा धडगावना घाटमा तिनी जीप बंद पडनी व्हती. तठून बोलनी, आनी घाबरीसन मन्हं नाव लिधं. उभ्या जनममा एकदाच."

त्यांच्या घरात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. गावाला ते शेठ, आम्हाला काका, मुलांना बाबूजी. त्यांना हिरालाल म्हणणारं आता कुणीच उरलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"मग निदान तेवढ्याला तरी खूण टाकू," मी म्हणालो. "रोज ऐकता येईल."

"रोजच ऐकस मी. पहिलापासून सुरू करस, ऐकता ऐकता ते येस." काकांनी नवा फोन माझ्या हातातून घेतला. "खूण टाकी ते सरळ तठेच जासू, मास्तर. मंग ती वांगा सांगस, दूध सांगस, माल्हे रागे भरस, ते कोन ऐकी?"

त्यांनी बोटाने सगळे मेसेज मागे सारत नेले आणि अगदी पहिल्यावर बोट ठेवलं.

"ऐका ना," काकूंचा आवाज आला. "मी मंदिरमा शे. गॅसवर दूध शे, बारीक करा."

"हाव," काका म्हणाले.