हाताने दिलेली परवानगी

वंदनाच्या घरातली लोणच्याची बरणी बघायची परवानगी मला आहे, उघडायची नाही. डॉक्टरांनी माझं मीठ कमी केलं तेव्हापासून. "काकू, तुम्हाला फक्त वाचायची परवानगी आहे," वंदना म्हणते. बरणीवर वाचण्यासारखं काय असतं? तिचा सख्खा भाऊ नागपूरहून येतो. त्याला पंखा लावायची परवानगी आहे, वेग बदलायची नाही. मे महिन्यातल्या गोरखपुरात तो बिचारा दोन नंबरवर घाम पुसत बसतो.

वंदना आमच्या वरच्या मजल्यावर एकटी राहते. पंचेचाळिशीची आहे. लग्न केलं नाही आणि का केलं नाही ते कोणाला सांगितलंही नाही. तिचे वडील आणि माझा नवरा इथल्याच फॅक्टरीत बरोबर होते. आता दोघेही नाहीत. ती घरात बसून बाहेरगावच्या कंपनीचं काम करते. कसलं काम, ते मी तिला मटर सोलायला बसवून विचारून घेतलं. मी चौथी शिकलेली बाई, पण सरळ सांगितलं तर मला समजतं.

"एका मोठ्या दवाखान्याच्या पेशंटची माहिती आहे, काकू. ती कोणी वाचायची, कोणी बदलायची, हे एका फाइलमध्ये लिहिलेलं असतं. रोज पहाटे एक प्रोग्राम फिरतो. फाइलमध्ये नाव असेल त्याला परवानगी देतो, नसेल त्याची काढतो. मधेच कोणाला हाताने दिली, तर पहाटे साफ. कोणाची हाताने काढली, तर पहाटे परत."

"म्हणजे माझी सासू," मी म्हटलं. "मी मिठाचा डबा कुठेही ठेवो, सकाळी आपल्या जागेवर."

"त्यांना आमच्याकडे लगेच घेतलं असतं," ती म्हणाली. हसलीसुद्धा नाही.

हेच तिने आपल्या दाराच्या कुलपालाही शिकवलं. बोट टेकवलं की उघडणारं कुलूप आहे. तेव्हा फाइलमध्ये नावं दोनच होती, तिचं आणि भावाचं. माझं बोट कुलूप ओळखायचं, पण माझी परवानगी रोज पहाटे उडायची. मग रोज सकाळी मी दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढायचा, बोट टेकवायचं, कुलपाने लाल होऊन माझ्यावर ओरडायचं, मी बेल वाजवायची. ती येणार, मोबाइलवर काहीतरी दाबणार आणि म्हणणार, "दिली. आजच्यापुरती." त्यानंतर ती मीटिंगमध्ये असली तरी दिवसभर मी आत-बाहेर करायला मोकळी.

"काहून एकदाच लिहून टाकत नाहीस माझं नाव?"

"बघू."

गेल्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा मटर घेऊन बसलो होतो. तिच्या साहेबाचा फोन आला. हात गुंतलेले, म्हणून तिने फोन ताटाशेजारीच ठेवून स्पीकर लावला.

"मैडम, बस आज के लिए मुझे पूरी परमिशन दे दीजिए।"

"फाइल में लिखिए, सर, वजह भी लिखिए। दूसरा कोई पास करेगा, तो मिल जाएगी।"

"अरे, हाथ से दे दो ना! किसको पता चलेगा?"

"पेशंट ने अपनी बीमारी डॉक्टर को बताई है, सर। आपको नहीं।"

"आपकी नौकरी चली जाएगी, समझीं? आज ही नाम कटवाता हूँ।"

"कटवाइए। मगर फाइल में, वजह लिखकर। हाथ से काटेंगे तो सुबह मैं वापस आ जाऊँगी।"

फोन बंद झाला. ती शेंगा सोलत राहिली. दाणे ताटाबाहेर पडत होते. दुसरी नोकरी या वयात कोण देणार, हे तिलाही कळत होतं. तरी मान ताठ ठेवून म्हणाली, "हाताने परवानगी मी आजवर कोणाला दिली नाही, काकू."

"खोटारडी! मग मला रोज कोण देऊन राहिलं?"

ती एक शेंग उगाच उलटीसुलटी करत राहिली.

"तुमचं नाव लिहिलं, तर तुम्ही बेल वाजवणार नाही."

"मग?"

"बाबा गेल्यापासून दुसरं कोणी वाजवत नाही. कुरिअरवालासुद्धा खालूनच फोन करतो."

मला जवळ घेणंबिणं जमत नाही. मी तिच्याकडे अजून शेंगा सरकवल्या. "रडू नकोस, मटर खारट होतील. मला मीठ बंद आहे. आणि नाव आजच लिही. बेल वाजवायला मला कोणाची परवानगी लागत नाही."

दुसऱ्या दिवशी तिची नोकरी जागेवरच होती. नाव काढायचं तर कारण लिहावं लागतं, आणि ते कारण लिहायची साहेबाची छाती झाली नाही.

मी जिना चढले, बोट टेकवलं. हिरवा दिवा लागला, कुलूप मुकाट्याने उघडलं. मी दार पुन्हा ओढून घेतलं आणि बेल वाजवली.

"काकू, उघडतं की आता!" ती आतून ओरडली.

"माहीत आहे," मी म्हटलं. "ऊठ, ये दार उघडायला."