सहाच्या आत हिरवा दिवा

आभाळ भरून आलं की आमच्या गल्लीतल्या बायका गच्चीवरचे कपडे काढायला धावतात आणि सिद्रामअण्णा छत्री घेऊन खांबाकडे निघतात. छत्री एका लांब बांबूला बांधलेली. ती ते खांबावरच्या इंटरनेटच्या डब्यावर धरतात आणि स्वतः खाली चिंब भिजत उभे राहतात. सत्तरी उलटलेला माणूस, कपाळावर विभूती, मान वर. सोलापुरात पाऊस तो किती, पण जेवढा पडतो तेवढ्यात अण्णांचा जीव निम्मा होतो.

अण्णा आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. काकू गेल्यापासून एकटेच राहतात. सारा जन्म चादरींच्या दुकानात गेला, गिऱ्हाइकापुढे चादर उलगडायची आणि पुन्हा घडी घालायची. त्यामुळे लोंबणारी वस्तू त्यांना बघवत नाही. माझ्या दोरीवरचा टॉवेलसुद्धा जाता जाता नीट करून जातात. मला त्याचा भारी राग येतो. माझा टॉवेल, माझी दोरी, ह्यांना काय करायचंय?

शिवाय तो प्रश्न. "वैनी, तुमचा हिरवा हाय का?" म्हणजे राउटरवरचा दिवा. हिरवा असला की नेट चालू, लाल झाला की गेलं. ढग आले की दर दहा मिनिटांनी ही चौकशी. एकदा माझ्याकडे हळदीकुंकू चाललेलं, तर भर बायकांत खिडकीतून विचारलं. त्यांनी स्वतःचा राउटर देव्हाऱ्याशेजारी ठेवलाय आणि रोज पूजा झाली की त्यालाही विभूतीचं बोट लावतात.

हा सगळा आटापिटा संध्याकाळच्या सहासाठी. सहाला त्यांचा व्हिडिओ कॉल असतो, अक्कलकोटकडे खेड्यात राहणाऱ्या थोरल्या बहिणीला, निंगव्वाअक्कांना. अक्का त्यांच्या पुतण्याकडे असतात. त्या पुतण्याने दोघांना एकेक टॅब घेऊन दिलाय. अण्णांचा फोन मात्र अजून बटणांचाच. मी कितीदा म्हटलं असेल, अण्णा, एवढा जीव खालवर करण्यापेक्षा साधा फोन लावा की. त्यावर त्यांचं एकच, "तिला साधा फोन चालत न्हाय." मी मनात म्हणायची, काय बाई तोरा, भावाचं तोंड दिसल्याशिवाय बोलणारच नाही म्हणे.

यंदा हस्ताचा पाऊस चांगलाच लागला. एका संध्याकाळी माझी ऑनलाइन शिकवणी ऐन रंगात असताना नेट गेलं. केबलवाल्याला फोन लावला, तर तो माझ्यावरच घसरला. म्हणाला, पाऊस थांबल्याशिवाय मी खांबावर चढत नाही, आणि आधी सांगा, तुमच्या खांबावरची तार बांधली कुणी? तारेला डब्याजवळ मुद्दाम एक लोंबता वळसा सोडतात, पाणी तिथून ठिबकून जावं म्हणून. तो वळसा कुणीतरी शिडी लावून, ओढून, चापून घडी घालून, सुतळीनं बांधून टाकला होता. पाणी तारेवरून थेट डब्यात. त्यानं कालच ते पाहिलं होतं आणि आज सोडवणार होता.

कुणीतरी म्हणजे कोण, हे मला विचारायची गरज नव्हती. माझं तोंड तसं फटकळच. पदर खोचला आणि गेले.

पावणेसहा झाले होते. अण्णा राउटरसमोर बसलेले, मांडीवर टॅब. दिवा लाल. मी तारेचं सगळं त्यांना सुनावलं.

"माझ्याच हातनं झालं, वैनी. आता सहा वाजत्याल."

मी तशाच तावात म्हटलं, मग लावा ना साधा फोन, एक दिवस नाही तोंड दिसलं तर काय बिघडतं?

"तिला ऐकू येत न्हाय," अण्णा म्हणाले. "बोलता बी येत न्हाय. जन्मापासनं."

खोचलेला पदर सोडून मी त्यांच्याजवळ बसले.

मग ते सांगत गेले. त्यांच्या आईनं अक्कांसाठी हाताच्या खुणा केल्या होत्या, घरातल्या घरात. आई गेली, वडील गेले. आता ते बोलणं येणारी दोनच माणसं उरली. पुतण्या भला आहे, पण त्याला ये, जेव, झोप यापलीकडे काही कळत नाही. सहाला अण्णा दिसले नाहीत की अक्कांना वाटतं, भाऊ गेला. मागच्या पावसात दोन दिवस त्यांनी अन्नाला हात लावला नव्हता.

"नेट गेलंय हे तिला सांगायचं कसं? आमच्यात त्याला खूणच न्हाय."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तीन वर्षं मी ह्या माणसाला हसत होते.

माझा मोबाइल होता, पण घरात रेंज नसते. त्यांना हाताला धरून गच्चीच्या जिन्यात नेलं, दार उघडलं आणि हॉटस्पॉट चालू केला. अहो, हे आधीच का नाही मागितलंत, म्हटलं. त्यांनी एकदा पुतण्याच्या मोबाइलवर करून पाहिलं होतं. चित्र अडकायचं. हात मधेच थांबला की बोलणं अर्धंच राहतं, म्हणाले. सहा वाजले. सहा दहा. पडद्यावर नुसतं चक्र फिरत होतं आणि अण्णा ओल्या शर्टाला टॅब पुसत होते. मी सिद्धेश्वराला हात जोडले.

चक्र थांबलं आणि अक्का दिसल्या. वाळकं तोंड, मोठं कुंकू, डोळे रडून सुजलेले. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. तर्जनी स्वतःच्या नाकाखाली आडवी धरली आणि भुवया वर केल्या. अण्णांनीही बोट नाकाखाली धरलं आणि मान हलवली.

"रोज आधी हेच इचारती," ते मला म्हणाले. "श्वास चालू हाय न्हवं?"

मग दोघांचे हात भराभर चालू लागले. मला काही कळत नव्हतं, तरी मी बघत राहिले. मधेच अक्कांचं लक्ष माझ्याकडे गेलं. अण्णांनी त्यांना काहीतरी सांगितलं. अक्कांनी मला नीट न्याहाळलं आणि माझ्याकडे बघत बोट नाकाखाली धरलं.

मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मीही बोट धरलं. अक्का उत्तराची वाट बघत होत्या. मी मान हलवली.

"आता तुमाला वळखती ती," अण्णा टॅबवरची नजर न काढता म्हणाले. "वैनी, एखांद्या दिवशी मी न्हाय दिसलो, तर तुमी दिसा तिला."

दिसेन म्हटलं. तेव्हा खूण कोणती करायची, हे मात्र माझ्याच्यानं विचारवलं नाही.