झाडू उत्पादक मंडळाने सभागृह सर केले, त्याची हकिकत

केर, कचरा, जळमट आणि धूळ या गनिमांचे पारिपत्य करणे हेच ज्यांचे ब्रीद, त्या झाडू उत्पादक मंडळाच्या मातबर सभासदांनी फर्माविले की, आपण पहिले प्रदर्शन भरविले त्याची हकिकत जैसी घडली तैसी लिहून ठेवावी, पदरचे घालू नये आणि कोणाची भीड धरू नये. आज्ञा शिरसावंद्य मानून लेखणी धरिली आहे. कोणास काही झोंबले तर त्याने गुमान सोसावे.

मंडळात घराणी तीन. एक कुंचेवाले, मऊ गवताचे कुंचे बांधणारे. दुसरे खराटेवाले, काड्यांचे खराटे करून अंगणे झाडविणारे. तिसरे ब्रशवाले, लांब दांडीचे आणि त्याहून लांब जिभेचे. कुंचेवाल्यांच्या गादीवर वहिनीसाहेब, ज्या मंडळाच्या चिटणीसही होत. त्यांचे यजमान मितभाषी, चहा करण्यात वाकबगार. खराट्यांचे सरदार ते वहिनीसाहेबांचे सख्खे धाकटे दीर. पूर्वी दोघे भाऊ एकाच कारखान्यात सुखाने नांदत होते. मग कुंचा थोर की खराटा थोर, यावरून भर जेवणात बोलाचाली जाहली, आणि दीर अर्धी पोळी ताटात टाकून, आपले खराटे उचलून वेगळे जाहले, आणि तेव्हापासून 'वहिनी' म्हणून हाक नाही, 'भाऊजी' म्हणून ओ नाही. रस्त्यात गाठ पडली तर दोघेही दुकानांच्या पाट्या मन लावून वाचू लागत.

प्रदर्शनाची मसलत निघाली, तेव्हा दीर सभेत छताकडे पाहून बोलले की, चिटणीसबाईंना हे झेपायचे नाही. वहिनीसाहेबांचे मस्तकी तिडीक गेली. भर सभेत त्यांनी जबान दिली की, प्रदर्शन फसले तर चिटणिशी सोडीन आणि मंडळाचा शिक्का दिरांचे हाती स्वहस्ते ठेवीन. यजमानांनी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला, तो पाय ब्रशवाल्यांचा निघाला, आणि घडायचे ते घडून चुकले.

मग सभागृह भाड्याने घेतले, आणि मग गाळे आखिले, आणि मग कोपऱ्याचा गाळा कोणी घ्यावा यावरून ब्रशवाल्यांपैकी दोन मामेभावांत हातघाई जाहली, ती यजमानांनी चहा पाजून मिटविली. सभागृहाच्या व्यवस्थापकाने अदबीने अर्ज केला की, झाडलोटीस आमची माणसे देऊ काय. हे ऐकताच वहिनीसाहेब खुर्चीवरून ताडकन उठल्या.

"झाडूवाल्यांच्या प्रदर्शनात बाहेरची माणसं झाडणार? लोक तोंडात शेण घालतील आमच्या."

व्यवस्थापक आल्या पावली परतला. येथेच मोहिमेस दगा जाहला, परंतु ते तेव्हा कोणास उमगले नाही.

प्रदर्शनाचे सकाळी सुतार गाळे ठोकून निघून गेले, आणि मागे भुसा, थर्माकोलचा चुरा, सुतळीचे तुकडे, कागद आणि चहाचे पेले यांचा घोटाभर सडा टाकून गेले. वहिनीसाहेबांनी कंबर कसून हुकूम सोडला की, झाडून घ्या. तो सर्व सरदार एकमेकांची तोंडे पाहू लागले. सभागृहात जिकडे पाहावे तिकडे झाडू, भिंतीला झाडू, छताला टांगलेले झाडू, कमानही झाडूंचीच, आणि झाडायला एक झाडू नाही. जो तो नमुना. प्लास्टिकात गुंडाळलेला, वर नाव चिकटवलेला. एकदा जमिनीला लागला की तो जुना, मग दाखवायचे काय?

याशिवाय एक वर्म होते, जे धंद्यात सर्वांस ठाऊक आणि कोणी बोलत नाही. नवा कुंचा झडतो. पुढून केर काढतो आणि मागून आपलाच भुसा सांडतो, आणि असे काही दिवस चालते. तेव्हा शत्रुपक्षाच्या डोळ्यांदेखत पहिला कुंचा कोणी चालवावा? ब्रशवाले म्हणाले, आमचे केस मुडपतात. खराटेवाल्यांनी सरदाराकडे पाहिले. सरदार खांबाला टेकून, हाताची घडी घालून उभे होते. त्यांना काहीच करायचे नव्हते. चिटणिशी आपल्या पायांनी त्यांच्याकडे चालत येत होती.

इतक्यात खबर आली की, बड्या हॉटेलांसाठी झाडू घेणाऱ्या घाऊक खरेदीदार बाई नाक्यापर्यंत येऊन पोहोचल्या, मागे गिऱ्हाइकांची झुंबड आहे. वहिनीसाहेबांस इतक्या वर्षांची इभ्रत चहाच्या पेल्यांत लोळताना दिसली. मग त्यांनी आपल्या गादीचा मानाचा कुंचा, रेशमी दोरीने बांधलेला, ओढून काढिला, टराटरा प्लास्टिक फाडिले आणि एकट्याच केरावर चालून गेल्या. मोठी शर्थ केली. परंतु कुंचा झडू लागला, आणि वर पंखे गरगरत होते, आणि भुसा उडून धुळीचा ऐसा लोट उठला की कमान दिसेना, यजमान दिसेनात, नुसती त्यांची किटली चमके. वहिनीसाहेब जितके झाडीत तितके वाढे.

दिरांनी हे पाहिले, आणि मान फिरविली, आणि पुन्हा पाहिले. राज्य पदरात पडत होते, मुकाट उभे राहायचे तेवढे काम. परंतु पिढीजात झाडूवाला, त्याला चुकीचे झाडणे बघवेना.

"वहिनी, आधी पंखे बंद करा," ते ओरडले. "आणि दारापासून काय सुरुवात करताय? मागच्या भिंतीपासून या."

सर्वांचे कान टवकारले. किती वर्षांनी 'वहिनी' उमटले.

"शिकवू नका, भाऊजी," धुळीतून आवाज आला. "हात लावा."

मग दिरांनी खराट्याचे प्लास्टिक दातांनी फाडिले, आणि खराटेवाले हर्षभरे तुटून पडले, आणि जाड केर त्यांनी पुढे लोटला, आणि मागून कुंचेवाल्यांनी बारीक केर व आपला भुसा दोन्ही गोळा केले, आणि ब्रशवाल्यांनी कोपरे गाठले, आणि 'पाय उचला, पाय उचला' ही रणगर्जना चहूकडे उठली. केर दाराबाहेर पिटाळला. फरशी ऐसी लखलखली की मामेभावांनी तीत पाहून भांग पाडिले.

तोच खरेदीदार बाई उंबरठ्यावर आल्या आणि त्यांनी पाऊल उचलिले.

"थांबा," वहिनी आणि दीर एकदम ओरडले. "आत्ताच झाडलंय."

"मग नमुने बघू कसे?" बाईंनी पुसिले.

"इथूनच बघा," दीर बोलले, आणि खराटा आडवा धरून दारात उभे राहिले.

मागून येणाऱ्यांसही हाच न्याय लाविला. तेव्हा गावभर आवई उठली की, झाडूंच्या प्रदर्शनात कोणास शिरू देत नाहीत, आत बहुत मोलाची चीज असावी. गर्दी रस्त्यापर्यंत गेली. व्यापार उंबरठ्यावरच चालला. खरेदीदार बाईंनी मळके नमुने पाहिले, दाराबाहेरचा ढीग पाहिला, आणि नवा कुंचा झडतो काय, म्हणून पुसिले. झडतो, म्हणून वहिनीसाहेबांनी प्रथमच उघड सांगितले. बाई म्हणाल्या, "हे आजवर कुणी कबूल केलं नव्हतं," आणि तिन्ही घराण्यांचा माल मागविला.

दिवस मावळतीस वहिनी व दीर काचेतून आत पाहात उभे राहिले. आत दिवे जळत होते आणि फरशीवर एक पाऊल नव्हते. वहिनीसाहेबांस गहिवर आला, तो त्यांनी लपविला नाही.

"वहिनी, पुढच्या वर्षी लोकांना आत घेऊ या का?" दीर हळूच म्हणाले.

"बघू," वहिनी म्हणाल्या.

येणेप्रमाणे झाडू उत्पादक मंडळाची फत्ते जाहली. चिटणिशी वहिनीसाहेबांकडे कायम राहिली, दाराची किल्लेदारी दिरांस वंशपरंपरा बहाल केली, आणि आत न गेलेल्या समस्त लोकांनी प्रदर्शन फार उत्तम होते, ऐसा निर्वाळा दिला, तो येथे नमूद केला असे.