मेलेल्या माकचं हसू

माक सिउ-फाट पडद्यावर मरत आला होता, तो काही आजपासून नव्हे. कधी तलवारीने, कधी विषाने, कधी नुसताच गर्दीत चेंगरून. यंदा प्रथमच त्याच्या मरणाला नाव मिळालं होतं. लोकांच्या लाडक्या चित्रकथेतला खलनायक, काळा बगळा! हे मरण नीट जमलं तर पुढे नावाच्या भूमिका, नाहीतर पुन्हा गर्दीतलं प्रेत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दिग्दर्शक क्वोकसाहेबांना प्रत्येक दृश्य चित्रकथेच्या पानासारखं हवं होतं. म्हणून काउलूनच्या त्या स्टुडिओत नायक जिंग-हिम कंबरेपर्यंत लांब पांढऱ्या केसांचा टोप घालून तारेवर लटकला होता, त्याचा लाल शेला मोठ्या पंख्यांपुढे फडफडत होता आणि खाली माक मरायला आडवा झाला होता.

"माक, पापणी हलली तर याद राख!"

"साहेब, मरणाऱ्याला कसला दम देता?"

कॅमेरा सुरू झाला. माक झकास मेला. तेवढ्यात पंख्याने शेला ओढला, पाठोपाठ टोपही गिळला आणि धाडकन आवाज करून सगळे पंखे बंद पडले. बोडका जिंग-हिम वर उलटा लोंबू लागला. साहेबांची वाचाच बसली, त्यामुळे 'कट' म्हणायचं राहून गेलं.

पंखे थांबले म्हणजे दृश्य संपलं, असं व्यवस्था बघणाऱ्या यिनताईंना वाटलं. पडद्यावर जो मरतो त्याच्या हातात लगेच शकुनाच्या पैशांचं लाल पाकीट द्यायचं आणि त्याने डोळे उघडून कॅमेऱ्याकडे बघत हसायचं, म्हणजे मरण अंगाला चिकटत नाही, अशी तिथली रीत. यात ताई हयगय करत नसत.

"अहो, मला उतरवा!" जिंग-हिम ओरडला.

"थांब रे, आधी मेलेल्याचं बघू दे," म्हणत ताईंनी माकपुढे पाकीट धरलं.

माकने डोळे उघडले, पाकीट मुठीत घेतलं आणि कॅमेऱ्याकडे बघून तोंडभर हसला. कॅमेरा अजून चालूच होता.

टोपाच्या चिंध्या झाल्या होत्या आणि जिंग-हिम संध्याकाळीच दुसऱ्या चित्रपटासाठी निघणार होता. पुन्हा चित्रण शक्य नव्हतं. माक कोपऱ्यात मान खाली घालून उभा राहिला. चित्रकथा काढणारे पून मास्तर पडद्यावर तो तुकडा पुन्हा पुन्हा बघत होते.

"वा! बगळा मेलाच नाही!"

"पण मास्तर, तो पाकीट देणारा हात?" साहेबांनी घाबरत विचारलं.

"त्याचं रहस्य दुसऱ्या भागात. बगळ्याचाच भाग!"

"म्हणजे मी त्याला मारलं नाही?" जिंग-हिम कळवळला.

"मारतोस कुठला? उलटा टांगला होतास की."

"मग दुसऱ्या भागात मी काय करतो?"

"पहिल्याच दृश्यात मरतोस."

माकला आनंदाने रडूच आलं. डोळे पुसत त्याने घरी फोन लावला.

"अगं, आज मी मेलो नाही!"

पलीकडून बायको कडाडली.

"आता काय घोळ घातलास? जा, साहेबांचे पाय धर आणि नीट मरून ये."