भोक बुजवणारी समिती

भोक लहान असताना बुजवणे हे एकट्या माणसाचे काम असते. म्हणूनच ते कोणी करत नाही. मोठे होऊ दिले की समिती नेमता येते.

कुपवाडच्या आमच्या पंपाच्या कारखान्यात हे तत्त्व निष्ठेने पाळले जाते. ज्या सॉफ्टवेअरमधून आमची ड्रॉइंग ग्राहकांकडे जातात, त्यात भोक सापडल्याचे ते बनवणाऱ्यांनी कळवले. संगणक विभागाची आसिया (विभाग म्हणजे तीच) मालक लालासाहेबांकडे गेली.

"साहेब, पासवर्ड नसला तरी कुणीबी आत येतंय. दुरुस्ती आलीया. तासभर सिस्टीम बंद ठेवते."

"तासभर? आगं, इतक्या वर्सांत कोण आलं का?"

"आलेलं कळत न्हाई, हीच अडचण हाय."

"मग कळल्यावर बघू."

तरीही विषय गंभीर असल्याने सुरक्षा समिती नेमली. अध्यक्ष जोतीराम नाना, निवृत्त सुभेदार; कुंपणांचा अनुभव दांडगा. नानांनी फाटकावर रखवालदार वाढवला, कामगारांचे डबे तपासायला लावले आणि सर्व्हरच्या खोलीला कुलूप घातले. किल्ली त्यांच्या खिशात राहिल्याने आसियालाही आत जाता येईना. (सुरक्षितता नव्वद टक्क्यांनी वाढली. उरलेले दहा टक्के म्हणजे ते भोक.) आसिया रोज किल्ली मागे. नाना रोज म्हणत, "बैठकीत घिऊ."

मग सांगलीच्या कृषी प्रदर्शनात एका भलत्याच कंपनीचा पंप दिसला. तो आमचा होता. आम्ही तो अजून बाजारात आणलाही नव्हता. रंग तेवढा त्यांचा. आमच्या ड्रॉइंगमध्ये चुकून राहिलेला जादा बोल्टसुद्धा जागच्या जागी. लालासाहेब त्यावरून हात फिरवत राहिले. "ह्यो आपलाच हाय गं," एवढेच बोलले.

परत येताच त्यांनी कुलूप फोडायला लावले. आसिया दुरुस्ती टाकायला बसली आणि थांबली.

"साहेब, ही दुरुस्ती आदीच झालीया."

"कुणी केली?"

"जो शिरला त्यानं. दुसरा चोर येऊ नये म्हणून आतनं दार लावलंय. अजून आतच हाय. सगळी यंत्रणा पुसून नवी उभी कराय लागंल."

 लालासाहेबांचा चेहरा उजळला.

"म्हंजे भोक बुजलं न्हवं?"

"व्हय, पर..."

"मग झालं की!"

शनिवारी समितीचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. नानांनी सहकाऱ्यांचे आभार मानले. आसिया टाळ्या न वाजवता उठली. हल्ली ती साताऱ्याच्या एका कारखान्यात असते. तिच्या जागी कोणालाही नेमलेले नाही, कारण भोक उरलेले नाही.

तुमच्याही कार्यालयातून 'सर्व काही सुरक्षित आहे' असे कळवले गेले असेलच. आनंद आहे. फक्त शेवटचे दार कोणी लावले, आणि लावताना तो कोणत्या बाजूला उभा होता, एवढे विचारून घ्या.