मनगटाच्या उपलब्धतेबाबत

माणसाला दोन हात असतात, हे सर्वमान्य आहे. ते त्याच्या स्वतःच्या मालकीचे असतात, हे मात्र अजून सिद्ध झालेलं नाही.

हृदयाच्या बंद रक्तवाहिनीपर्यंत डॉक्टर पूर्वी जांघेतून जात. मग पाय सरळ ठेवून तासन्‌तास आडवं पडायचं, रक्तस्रावाची धास्ती वेगळी. आता मनगटाच्या धमनीतून बारीक नळी सरकवतात आणि माणूस लगेच उठून बसतो. फक्त काही दिवस त्या हातानं जोर लावायचा नाही. विज्ञानाची कमालच म्हणायची.

बडा गणपतीच्या देवळाजवळचे आमचे शेजारी दिवाकरराव यांची मागल्या वर्षी याच पद्धतीनं अँजिओप्लास्टी झाली. उजव्या हाताला कामाची मनाई झाली. घरात कोणाला काही फरक जाणवला नाही, कारण ही मनाई तो हात लग्नापासूनच पाळत आला आहे. (पोहे खाण्यापुरती सूट होती.)

यंदा तीच वेळ त्यांच्या पत्नीवर आली. जिना चढताना उषाताईंच्या छातीत कळ येऊ लागली, तपासणीत एक नळी नव्वद टक्के बंद निघाली. डॉक्टर अरुंधती म्हणाल्या, "उशीर नको. उजव्या मनगटातून करून टाकू."

त्यावर कुटुंबाची तातडीची बैठक झाली. शेजारी या नात्यानं मीही हजर होतो. चहा उषाताईंनीच केला. (साखर बेताची होती.)

मुलगा पियुष म्हणाला, "आई, तू जांघेतूनच करवून घे न यार. हाथ तो फ्री राहील."

दिवाकररावांनी डाव्या मनगटाचा तोडगा काढला. तो मी खोडला. कणीक तिंबायला दोन्ही हात लागतात. (मी कधी तिंबलेली नाही, पण पाहणी दीर्घकाळची आहे.) माझ्या हिशेबानं त्या घरातली अठ्ठ्याण्णव टक्के कामं उषाताईंच्या हातून होतात. उरलेली दोन टक्के म्हणजे त्यांना हाका मारणं.

अखेर ठराव झाला: जांघेतून करावं, रक्तस्रावाची जोखीम कुटुंब एकमतानं पत्करत आहे. रक्त उषाताईंचं असल्यानं मतभेदाला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी ठराव ऐकून डॉक्टरबाईंना सपाटून राग आला. तो त्यांनी चष्मा पुसण्यात घालवला. मग म्हणाल्या, "काकू, तुम्ही सांगा. तुम्हाला काय पाहिजे?"

हा मुद्दा बैठकीत कोणी मांडलाच नव्हता. आम्ही सगळे उषाताईंकडे बघायला लागलो. त्यांनी बांगड्या मागे सारल्या आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"दोन्ही मनगटांतून करता येतं का हो?"

उजवं एकच पुरलं. नळी उघडली, उषाताई घरी येऊन निजल्या, आणि पोहे कोपऱ्यावरच्या दुकानातून आले. पियुषच्या मते त्यांत मीठ कमी होतं.

एवढं वाचून तुम्हाला हसू आलं असेल तर बरंच झालं. आता घरातल्या बाईला चहा सांगून टाका, तिचे हात मोकळे आहेत तोवर.